निरसन व व्यावृत्ति

शेवटचं कलम बहुधा हेच असतं.
विधी अनुवाद शाखेत एकोणीस वर्षं
हेच शीर्षक टंकत होते मी,
इतक्या सवयीनं, की बोटं टंकायची
आणि मी खिडकीतून ओव्हलवरची मॅच बघायची.

सत्त्याऐंशी साली सटवाजी माने रुजू झाला.
तिसऱ्याच दिवशी म्हणाला,
बाई, सरळ 'रद्द' लिहिलं तर?
निरसन वाचलं की मला निरसं दूध आठवतं.

हसले, आणि कोठारेसाहेबांचा कोश काढला.
निवृत्त होताना ते तो माझ्या टेबलावर विसरले होते,
किंवा विसरल्यासारखं केलं होतं.
पाठीला चिकटपट्टी, समासात तिरकी पेन्सिल.

रद्द: अरबी. फारसीच्या होडीत बसून आलेला.
माघारी धाडणं, दारातून परतवणं.
त्याच्याच घरातली रद्दी,
जी बझारगेटला लखमशीभाई किलोवर घेतात,
जुनी राजपत्रंसुद्धा,
फक्त कव्हरचा पुठ्ठा आधी फाडून घेतात,
पुठ्ठ्याचा भाव वेगळा.

निरसन: निर् आणि अस्.
अस् म्हणजे फेकणं.
अस्त्र त्यातलंच, हातून सुटलेलं.
संन्यासही. सगळं खाली टाकून निघालेला.
अभ्याससुद्धा, म्हटलं, तोच दगड रोज फेकायचा.
तर निरसन म्हणजे
उचलून उंबऱ्याबाहेर भिरकावणं.
रद्द झालेला निदान आल्या वाटेनं परत जातो.
निरसन झालेल्याला वाट नाही.

सटवाजीनं हे सगळं वहीत उतरवलं.
पेनाला टोपण लावलं.
मग विचारलं,
बाहेर म्हणजे नेमका कुठं पडतो तो?

मला वाटलं, थट्टा करतोय.

वडील सतरा वर्षांचे होते, तो म्हणाला,
आमच्या लोकांना जन्मतः चोर ठरवणारा
कायदा गेला तेव्हा.
सोलापूरला सेटलमेंटची तार तोडली.
कुणीतरी गूळ वाटला.
आता आम्ही चेंबूरला. पण नाक्यावर दुकान फुटलं
की हवालदार आधी आमच्या गल्लीत येतो,
पत्ता न विचारता.
आणि वडील अजून रात्री दचकून उठतात,
चप्पल शोधतात,
हजेरी चुकली म्हणतात.
आमच्या दारात पडला असणार बाई,
दुसरीकडं कुठं?

पंखा फिरत होता. माझ्यापुढं मसुदा होता.
'असे निरसन झाले असले तरी,
उक्त अधिनियमाखाली केलेली कोणतीही गोष्ट
किंवा कोणतीही कारवाई...'
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मी ते वाक्य वाचलं.
व्यावृत्ति. फेकताना मागं राखून ठेवलेलं.

कोश मिटायला गेले तर समासात
साहेबांची पेन्सिल: दुसरा अस् पाहा.
पान उलटलं.
दुसरा अस् म्हणजे असणं.
रूप तेच, अक्षर तेच,
एक फेकतो आणि एक असतो.
व्याकरण म्हणतं, नात्यातले नाहीत.
मी सटवाजीला ते दाखवलं नाही.
त्याला कोशाची गरज नव्हती.

पुढच्या महिन्यात तो सांगत आला,
लखमशीभाईंच्या गठ्ठ्यात
त्या सालचं राजपत्र सापडलं, पुठ्ठा नसलेलं.
ज्या ओळीत कायदा जातो ती ओळ होती त्यात.
भाईंनी तराजूत टाकलं, काटा हलला नाही,
म्हणाले, ले जाव, इसका क्या लेनेका.

वडिलांना वाचता येत नाही.
सटवाजीनं बोट ठेवून ओळ दाखवली,
शब्द फोडून सांगितला, निर्, अस्, फेकणं.
म्हाताऱ्यानं कागद उजेडाकडं धरला,
हळू घडी घातली, पुन्हा घातली,
पार हजेरीच्या पासाएवढी होईस्तो,
आणि विचारलं,
हा कुठल्या खिशात ठेवू,
म्हणजे हवालदारानं मागितला की
पटकन निघेल?